पैसे गेले, माल यायचा आहे: मधल्या वेळेचा इतिहास

शीर्षक वाचून काहींना वाटलं असेल, आज पुन्हा ओटीपी सांगू नका, लिंक उघडू नका, हेच ऐकायला मिळणार. त्या सूचना योग्यच आहेत, पण त्या तुम्ही अनेकदा ऐकल्या आहेत. आजचा प्रश्न त्याहून बराच जुना आहे. गिऱ्हाईक एका गावी, दुकानदार दुसऱ्या गावी, दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. मग आधी हात कोणी सैल सोडायचा? पैसे आधी पाठवले तर माल येईलच असं नाही, आणि माल आधी पाठवला तर पैसे येतीलच असं नाही. आठवडी बाजारात हा प्रश्न येत नाही. तिथे एका हाताने द्यायचं, दुसऱ्या हाताने घ्यायचं. अंतर आलं की मध्ये वेळ येतो. त्या मधल्या वेळात पैसे कोणाच्या ताब्यात आहेत, हे बघितलं की गिऱ्हाईक किती सुरक्षित आहे ते कळतं. आज मी तेवढंच बघणार आहे.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांनी याचं एक उत्तर इंग्रजी कायद्याच्या आधीच शोधलं होतं. त्याचं नाव जोखमी हुंडी. साधी हुंडी म्हणजे अमक्याला इतके पैसे द्या, अशी चिठ्ठी. जोखमी हुंडीला एक अट जोडलेली असे: गलबतावर चढवलेला माल बंदरात सुखरूप पोचला, तरच पैसे द्यायचे. माल बुडाला तर हुंडीही बुडाली. म्हणजे धोका घेणारा तिसरा माणूस मध्ये आला, आणि तो त्याचा मोबदला आधीच कापून घेत असे. दुसरा प्रकार शहाजोग हुंडीचा. तिचे पैसे कोणाही वाटसरूला मिळत नसत, पेढीवरच्या माहितीतल्या प्रतिष्ठित माणसामार्फतच मिळत. का? तर उद्या फसवणूक निघाली तर पैसे कोणाच्या हाती गेले, हा माग लागला पाहिजे. गंमत बघा, ‘शहाजोग’ हा शब्द आज आपण नेमका उलट अर्थाने वापरतो.

पण ही सोय पेढीवाल्यांची होती. चिपळूणच्या शिक्षकाला मुंबईहून पुस्तक मागवायचं असेल, तर त्याच्यासाठी हुंडी कोण लिहिणार? त्याच्यासाठी आली व्ही.पी.

१८७७ साली हिंदुस्थानच्या टपाल खात्याने ‘व्हॅल्यू पेएबल’ पद्धत सुरू केली. सभागृहातल्या ज्येष्ठांना ‘व्ही.पी. सोडवणं’ हा वाक्प्रचार माहीत आहे, तरुणांसाठी सांगतो. दुकानदार पार्सल पोस्टात देतो आणि त्यावर वसूल करायची रक्कम लिहितो. पोस्टमन ते तुमच्या दारी आणतो. तुम्ही पैसे दिलेत की पार्सल तुमचं, आणि पैसे पोस्टामार्फत दुकानदाराला. नाही दिलेत, तर पार्सल परत. पुढे १८८० मध्ये मनिऑर्डरचं कामही पोस्टाकडे आलं आणि पैसा पोस्टाच्या हातून गावोगाव फिरायला लागला. केसरी १८८१ चा. म्हणजे मराठी वृत्तपत्रं वाढत होती त्याच काळात, त्यांत जाहिरात देणाऱ्याला थेट खेड्यातल्या घरापर्यंत माल विकायची वाट उघडली. पुस्तकं, घड्याळं, औषधं, अत्तरं, सगळं व्ही.पी.ने.

यात गिऱ्हाइकाला काय मिळालं? पार्सल प्रत्यक्ष डोळ्यांसमोर येईपर्यंत पैसे आपल्याच खिशात राहिले. हे मोठं संरक्षण होतं. पण एक भोक राहिलं: पैसे दिल्याशिवाय पार्सल फोडता येत नसे. वजन बरोबर, पत्ता बरोबर, आणि आत काय? ते पैसे दिल्यावरच कळणार.

हे भोक सरकारला दिसत होतं, याचा पुरावा कायद्यातच आहे. १८९८ च्या पोस्ट ऑफिस कायद्याचं ३५ वं कलम व्ही.पी.च्या नियमांबद्दल होतं. मला ते कलम फार आवडतं, म्हणून थोडं थांबतो. त्यात दोन गोष्टी होत्या. पहिली: हे पार्सल खरोखर आलेल्या मागणीवरूनच पाठवतोय, असं पाठवणाऱ्याकडून लिहून घेण्याचा नियम सरकार करू शकत होतं. अशी तरतूद का करावी लागते? कारण कोणी न मागितलेली पार्सलं पाठवू शकतो. घरचा कर्ता बाहेर असतो, पोस्टमन दारात उभा असतो, आणि ‘त्यांनीच मागवलं असेल’ म्हणून घरचं माणूस पैसे देऊन टाकतं. आज कुरियरच्या ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ पार्सलात नेमकी हीच फसवणूक चालते, आणि आपण तिला नवी समजतो!

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. वसूल केलेली रक्कम, फसवणूक झाल्यास, रोखून धरून गिऱ्हाइकाला परत करण्याचे नियम करण्याचा अधिकार त्याच कलमात होता. नीट लक्षात घ्या. पैसे पोस्टमनच्या हातात पडले म्हणजे दुकानदाराला मिळाले असं नाही. मध्ये काही दिवस ते पोस्टाकडे आहेत. तेवढ्या दिवसांत गिऱ्हाइकाने पार्सल फोडलं, आत रद्दी निघाली, तो धावत पोस्टात गेला, तर पैसे अजून अडवता येतात. बैलगाडी आणि रेल्वेच्या काळातली संथ गती हीच गिऱ्हाइकाची ढाल होती. मुद्दाम कोणी ती आखली नसेल, पण कायद्याने तिचा उपयोग करून घेतला.

अर्थात दुकानदारांनाही त्रास होताच. लोक मागणी पाठवत आणि व्ही.पी. आली की घेत नसत. टपालखर्च विक्रेत्याच्या अंगावर. म्हणून मागणीबरोबर काही रक्कम आगाऊ पाठवावी, अशी अट पुस्तक विक्रेते घालायला लागले. म्हणजे प्रश्न फिरून तिथेच. ठोक व्यापाऱ्यांनी हेच काम बँकेला दिलं: माल रेल्वेने जाई, बिल्टी बँकेत जाई, पैसे भरून बिल्टी सोडवली की स्टेशनावर माल मिळे. आत काय आहे हे बँकही बघत नसे.

आता एक उडी मारतो, कारण रक्कम मोठी झाली की काय होतं ते बघायचं आहे. सगळ्यात मोठी खरेदी म्हणजे घर. मुंबईत फ्लॅटपद्धत रुजली आणि लोक न बांधलेल्या घरासाठी पैसे मोजायला लागले. इथे मधला वेळ दिवसांचा नाही, वर्षांचा. आणि त्या वर्षांत पैसे सरळ बिल्डरच्या हातात. महाराष्ट्राने १९६३ मध्ये ‘मोफा’ कायदा केला, तो असे गैरप्रकार वाढल्याचं प्रस्तावनेतच सांगून. त्यात दोन बंधनं होती. किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त आगाऊ रक्कम लेखी, नोंदणीकृत करार झाल्याशिवाय घ्यायची नाही, आणि ठरावीक कामांसाठी घेतलेले पैसे वेगळ्या खात्यात विश्वस्त म्हणून ठेवायचे. कागदावर उत्तम. पण त्या खात्यावर रोज नजर ठेवणारं कोणी नव्हतं. व्ही.पी.मध्ये पैसे तिसऱ्याकडे होते. इथे ज्याच्यापासून राखायचे, त्याच्याकडेच राखायला दिले. म्हणून २०१६ च्या रेरा कायद्याने मर्यादा १० टक्क्यांवर आणली, आणि ग्राहकांकडून आलेल्या पैशांतले ७० टक्के बँकेतल्या स्वतंत्र खात्यात ठेवून, इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सीए यांच्या दाखल्यानंतर, काम पुढे सरकेल तसेच काढायचे असं ठरवलं. ५३ वर्षं लागली एवढी एक गोष्ट कळायला.

ग्राहक चळवळीबद्दल दोन शब्द, नाहीतर अन्याय होईल. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजारपाजारच्या कुटुंबांचा संघ करून एकत्र खरेदी, महिन्याचं वाटप. एकटं गिऱ्हाईक दुबळं, हे ओळखून काढलेला हा मार्ग. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतरचा. त्यात एक अडचण होती: तक्रार मुख्यतः विक्रेता जिथे आहे किंवा व्यवहार जिथे घडला तिथे करायची. साताऱ्याच्या माणसाने दोन हजारांसाठी दिल्लीला खेटे घालायचे का? २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथेच तक्रार करायची मुभा दिली. दूरवरून खरेदी करणाऱ्यासाठी हा बदल फार मोलाचा आहे, आणि तो बऱ्याच लोकांना अजून माहीत नाही.

आता फोनवर येऊ. २०१० मध्ये फ्लिपकार्टने ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ आणली तेव्हा मोठी नवलाई वाटली. ती आपली व्ही.पी.च होती, भोकासकट. पुढे मोठ्या साइटवर आगाऊ पैसे भरणंही अंगवळणी पडलं. तिथे रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे पेमेंट कंपनीला गिऱ्हाइकाचे पैसे बँकेतल्या एस्क्रो खात्यात ठेवावे लागतात. म्हणजे मध्ये तिसरा आहे, थोडा वेळ आहे.

पण २०१६ मध्ये यूपीआय आलं, आणि एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे काही सेकंदांत जायला लागले. सोय अफाट आहे, मीही रोज वापरतो. मात्र इतिहासाच्या नजरेने बघा: जोखमी हुंडीपासून ज्या मधल्या वेळाने गिऱ्हाइकाला वाचवलं, तो वेळच उरला नाही. जुना सोफा विकतोय, भाड्याने खोली देतोय, असं सांगणाऱ्या अनोळखी माणसाला तुम्ही पैसे पाठवलेत, की ते गेलेच. पिन, ओटीपी ही कुलपं चोरासाठी आहेत. इथे दार तुम्हीच उघडता. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाचंही तसंच. बँकेची किंवा गिऱ्हाइकाची चूक नसताना तिसऱ्याच कोणी तुमच्या संमतीशिवाय पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर भुर्दंड तुमच्यावर नाही. स्वतः पिन टाकून भामट्याला पैसे दिलेत, तर ते संरक्षण तुमच्यापर्यंत पोचत नाही.

भामट्यांनी आणखी एक युक्ती काढली: ‘पैसे मागण्याची’ विनंती पाठवायची आणि सांगायचं, पैसे मिळवायला पिन टाका. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, तरी हजारो लोक फसले. शेवटी ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधली ही मागणीची सोयच बंद करण्यात आली.

आणि १९३० हा क्रमांक. तिथे फोन केल्यावर होतं काय, हे समजून घ्या. पैसे ज्या ज्या खात्यांतून पुढे सरकतात, त्या बँकांना कळवून रक्कम जिथे सापडेल तिथे गोठवायची धडपड सुरू होते. १८९८ च्या कलमातलं ‘रोखून धरणं’च हे, फक्त आता पैसे निघून गेल्यावर त्यांच्या मागे धावून करायचं. पोस्टमास्तरकडे दिवस होते, इथे मिनिटं असतात. भामटा ते पैसे भाड्याने घेतलेल्या पाच-सात खात्यांतून फिरवून एटीएममधून काढतो. म्हणून नवऱ्याला विचारू, मुलगा आला की बघू, असं करण्यात संध्याकाळ झाली तर बऱ्याचदा गोठवायला काही उरत नाही. आणि उरलं, तरी ती रक्कम आपल्या खात्यात परत यायला अनेकदा न्यायालयाचा आदेश लागतो. त्या अर्जाला काय काय कागद लागतात, ते प्रश्नोत्तरात सांगतो. माईक मागे फिरवा, तिसऱ्या रांगेत हात वर आहे.