पदक आधी, सभासदत्व मागाहून

१२ जानेवारी १८२० रोजी लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये १४ जण जेवायला जमले आणि खगोलशास्त्राची स्वतंत्र संस्था काढायचं ठरवूनच उठले. हीच पुढची रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी. विल्यम हर्शेल तिचे पहिले अध्यक्ष. सोसायटीच्या सुवर्णपदकावर त्यांचीच ४० फुटी दुर्बीण कोरलेली आहे.

१८२८ साली हे पदक त्यांच्या बहिणीला, कॅरोलाइनला मिळालं. काम काय होतं, ते जरा नीट पाहू. विल्यम दुर्बीण एका उंचीवर धरून ठेवत, समोरून आकाश सरकत जाई, दिसेल ते ते मोठ्याने सांगत आणि कॅरोलाइन घड्याळ पाहून टिपून घेत. भाऊ गेल्यावर त्या जर्मनीत हॅनोव्हरला परतल्या आणि सुमारे २,५०० तेजोमेघ व तारकागुच्छांची नव्याने यादी केली, अंशाअंशाचे पट्टे पाडून. त्यामुळे भाचा जॉन दुर्बीण ज्या उंचीला लावेल, तिथे काय काय कोणत्या क्रमाने येणार, हे त्याला आधीच कळे. निरीक्षकाची रात्र कशी जाते हे पुरतं जाणणाऱ्या माणसालाच अशी यादी सुचते. पदक मिळालं तेव्हा त्या ७७ वर्षांच्या होत्या.

१८३५ साली त्यांना आणि मेरी सॉमरव्हिल यांना मानद सभासद केलं. खरं सभासदत्व मात्र नाही. १८३१च्या राजसनदेत सभासदांसाठी पुल्लिंगी सर्वनाम होतं, तेवढ्यावर दार बंद झालं! याची झळ थेट मद्रासपर्यंत पोचली. तिथल्या वेधशाळेत आयसिस पॉगसन १८७३पासून आकडेमोड करत होत्या. वेधशाळेचे प्रमुख असलेल्या वडिलांनी १८८६ साली त्यांचं नाव सुचवलं. वकिलांनी सनदेवर बोट ठेवलं आणि ते मागे घ्यावं लागलं. मला हा प्रसंग पदकाइतकाच महत्त्वाचा वाटतो. शिकणं बैठकांमधल्या चर्चेत आणि ग्रंथालयात होतं. एकदाच दिलेल्या पदकाने ते भरून निघत नाही.

१९१६ साली स्त्रियांना सभासद करून घ्यायला सुरुवात झाली, आणि १९२० साली पॉगसनबाईही सभासद झाल्या.

सुवर्णपदकाला मात्र आणखी वेळ लागला. कॅरोलाइननंतर ते ज्या स्त्रीला मिळालं, त्या व्हेरा रुबिन. साल होतं १९९६.