भूगोलाचे पहिले धडे तापीच्या खोऱ्यात

जगात खंडे किती आणि महासागर किती, असे विचारले तर चौथी-पाचवीतील बहुतेक मुले ‘सात आणि पाच’ हे उत्तर बिनचूक देतात. गावाजवळची नदी कोणत्या दिशेला वाहते आणि शेवटी कोणत्या समुद्राला मिळते, असे विचारले की मात्र त्यांतली अनेक मुले अडखळतात. भूगोल म्हणजे नावांचे पाठांतर, हा समज याच वयात रुजतो आणि पुढे तो सहसा सुटत नाही. वास्तविक जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांतील मुलांना भूगोलाचा आरंभ करण्यासाठी पुस्तकाच्या पलीकडे एक मोठे साधन उपलब्ध आहे. पर्वत, पठार, मैदान आणि दरी ही मुख्य भूरूपे त्यांच्या घरापासून काही तासांच्या अंतरावर आहेत. त्यांचा आधार घेतला तर खंड-महासागरांपर्यंतचा प्रवास पुष्कळ सोपा होतो.

खोऱ्याची ओळख

खान्देशाच्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर आणि पश्चिमेला सह्याद्रीच्या रांगा आहेत. या डोंगरांच्या मधून तापी वाहते. मध्य प्रदेशात बैतुल जिल्ह्यातील मुलताईजवळ, समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर तिचा उगम होतो. सुमारे ७२४ किलोमीटरचा प्रवास करून ती सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. द्वीपकल्पावरील गोदावरी, कृष्णा, कावेरी या मोठ्या नद्या पूर्वेकडे जातात. नर्मदा आणि तापी मात्र पश्चिमवाहिनी आहेत. भूकवचाचा भाग दोन बाजूंच्या भेगांमधून खाली खचून जी लांबट दरी तयार होते, तिला खचदरी म्हणतात. या दोन्ही नद्या अशा खचदऱ्यांतून वाहतात, असे भूगोलाची पुस्तके सांगतात. लहान मुलांना हा शब्द पहिल्याच दिवशी सांगण्याची गरज नाही. ‘दोन्ही बाजूंना डोंगर आणि मध्ये नदी’ एवढे चित्र त्यांच्या मनात पक्के बसले तरी पहिली पायरी पूर्ण झाली.

भूरूपे डोळ्यांनी पाहताना

चोपडा, यावल, रावेर किंवा शिरपूर येथून उत्तरेकडे पाहिले की सातपुड्याची रांग आडवी पसरलेली दिसते. सलग रांग म्हणजे काय, हे तिथे कळते. धुळ्याजवळ मुंबई-आग्रा महामार्गालगतचा लळिंगचा किल्ला ज्या डोंगरावर उभा आहे, तो पाहिला की एकटा डोंगर आणि पर्वतरांग यांतील फरक लक्षात येतो.

पठाराची कल्पना मुलांना सर्वांत अवघड जाते. ‘उंचावरील सपाट प्रदेश’ ही व्याख्या पाठ होते, पण चित्र उभे राहत नाही. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून गेले की ही अडचण दूर होते. डोंगर चढल्यावर पलीकडे उतार लागेल, अशी मुलांची अपेक्षा असते. घाटमाथ्यावर पोहोचल्यावर मात्र तसा उतार येत नाही. गाडी मोकळ्या, उंच प्रदेशातून पुढे धावू लागते. हे मराठवाड्याचे पठार. माथ्यावरून मागे वळून पाहिले की खाली खान्देशाचा सखल भाग दिसतो. पठार आणि मैदान यांतील भेद सांगण्यासाठी यापेक्षा वेगळे चित्र काढावे लागत नाही.

तापीच्या काठची काळी, सुपीक जमीन हे मैदानाचे उदाहरण होय. नद्यांनी हजारो वर्षे वाहून आणलेला गाळ येथे साचला आणि त्यावर आज रावेर-यावलची केळी उभी आहे. दरी पाहण्यासाठी शाळांच्या सहली जातातच अशा अजिंठ्याच्या लेण्यांकडे वळावे. वाघूर नदीने घोड्याच्या नालेच्या आकाराचा खोल कडा कोरला आहे. सहलीत मुले चित्रे पाहून परततात. हीच वाघूर पुढे जळगाव जिल्ह्यात येऊन तापीला मिळते, एवढे सांगितले तर लेण्यांची सहल भूगोलाचीही सहल ठरते.

उतार कळला की नदी कळते

नकाशात उत्तर दिशा वर असते. त्यामुळे नदी ‘वरून खाली’ म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेकडेच वाहते, अशी अनेक मुलांची समजूत होते. धुळ्याच्या मुलांना ही समजूत आपल्याच शहरात तपासता येते. पांझरा साक्री तालुक्यातून निघते, पूर्वेकडे वाहत धुळे शहरातून जाते आणि पुढे उत्तरेकडे वळून तापीला मिळते. तापी मात्र पश्चिमेकडे जाते. गिरणेचेही असेच आहे. सह्याद्रीतून निघालेली ही नदी आधी पूर्वेकडे जाते आणि नंतर उत्तरेकडे वळते. नदी दिशा पाहत नाही, उतार पाहते, हे एकदा समजले की ‘उपनदी’, ‘संगम’ आणि ‘खोरे’ हे शब्द आपोआप जागेवर बसतात. पूर्णा आणि तापी यांचा चांगदेव येथील संगम हे त्याचे प्रत्यक्ष उदाहरण आहे.

यासाठी एका परातीत ओली माती घ्यावी. दोन कडांना डोंगर करून मधला भाग खोलगट ठेवावा, एक बाजू किंचित उचलावी आणि झारीने पाणी सोडावे. पाणी कोठून कोठे जाईल, हे पाणी सोडण्यापूर्वी मुलांना सांगायला लावावे. अंदाज चुकला तरी हरकत नाही. चुकलेला अंदाज तपासताना मूल अधिक शिकते.

याच प्रयोगातून जलविभाजकाची ओळख करून देता येते. अजिंठ्याच्या रांगेवर पडणाऱ्या पावसाचे दोन भाग होतात. उत्तर उतारावरचे पाणी तापीतून अरबी समुद्राला जाते, तर दक्षिण उतारावरचे गोदावरीतून बंगालच्या उपसागराला. एकाच डोंगरावर पडलेले दोन थेंब देशाच्या दोन विरुद्ध किनाऱ्यांवर पोहोचतात. समुद्राची नावे मुलांना याच ठिकाणी प्रथम सांगावीत.

नकाशा आणि प्रदेश

महाराष्ट्रात तिसरीच्या मुलांच्या हाती अनेक वर्षे आपल्याच जिल्ह्याची माहिती देणारे पुस्तक येत गेले. जवळून दूर जाण्याचा हा क्रम शास्त्रशुद्ध आहे. मात्र जिल्ह्याचा नकाशा उघडण्याआधी मुलाने आपल्या खोलीचा, मग शाळेच्या आवाराचा आणि मग घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्याचा आराखडा काढलेला असावा. वस्तू वरून पाहिली तर कशी दिसेल, हे कळल्याखेरीज नकाशा कळत नाही. नकाशा भिंतीवर टांगण्यापेक्षा जमिनीवर पसरून त्याची उत्तर दिशा प्रत्यक्ष उत्तरेशी जुळवावी. म्हणजे ‘उत्तर म्हणजे वर’ हा गैरसमज टळतो.

समोच्चरेषांसाठी अर्धा बटाटा पुरेसा आहे. त्याचे आडवे काप करून मोठ्यापासून लहानापर्यंत एकेक काप त्याच जागी कागदावर ठेवावा आणि कडेने पेन्सिल फिरवावी. जिथे रेषा दाट, तिथे चढ तीव्र, हे मुले स्वतःच सांगतात. भुसावळ-जळगाव-अमळनेर-नंदुरबार-सुरत हा लोहमार्गही एक उत्तम नकाशा आहे. रूळ टाकणाऱ्यांनी तापीच्या खोऱ्याचीच वाट धरली. रेल्वे आणि नदी यांचा असा संबंध मुलांना नकाशावर बोटाने शोधायला लावावा.

एकविसाव्या अक्षवृत्तावरून पृथ्वीप्रदक्षिणा

जळगाव शहर जवळजवळ नेमके २१ अंश उत्तर अक्षवृत्तावर आहे आणि धुळे त्याच्या किंचित दक्षिणेस. पृथ्वीगोलावर जळगावपाशी बोट ठेवून याच रेषेने पश्चिमेकडे निघावे. सुरतेजवळून अरबी समुद्र, पुढे अरबस्तान, मक्केजवळून तांबडा समुद्र, मग आफ्रिकेतील सहारा वाळवंट आणि अटलांटिक महासागर लागतो. त्यानंतर क्युबा आणि मेक्सिकोतील मेरिदा शहर येते. पुढे अफाट पॅसिफिक महासागर ओलांडताना होनोलुलू वाटेत भेटते. शेवटी व्हिएतनामची राजधानी हनोई, म्यानमार, बंगालचा उपसागर आणि नागपूरजवळून बोट पुन्हा जळगावला येते. एका फेरीत आशिया, आफ्रिका आणि उत्तर अमेरिका ही तीन खंडे तसेच हिंदी, अटलांटिक आणि पॅसिफिक हे तीन महासागर पार होतात. युरोप, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका ही खंडे आणि आर्क्टिक व दक्षिण महासागर या वाटेवर का आले नाहीत, हा पुढचा प्रश्न मुलेच विचारतात.

एकाच अक्षवृत्तावर असूनही सहारा कोरडा आणि हनोई हिरवे का, यातून हवामान केवळ अक्षवृत्तावर ठरत नाही, वारे आणि समुद्र यांचाही त्यात वाटा असतो, हे सांगता येते.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जळगाव-धुळ्यात भरदुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. जुलैच्या मध्यानंतरही हे पुन्हा घडते, पण तेव्हा आकाश बहुधा ढगाळ असते. मेमध्ये हा क्षण घड्याळात बाराला न येता साडेबाराच्या थोडे आधी येतो. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्तावरून ठरते. जळगाव त्याच्या सुमारे सात अंश पश्चिमेस आहे आणि प्रत्येक अंशाला चार मिनिटांचा फरक पडतो. रेखावृत्त आणि वेळ यांचा संबंध एका काठीने सिद्ध होतो.

काळ्या दगडाची कहाणी

खान्देशातील बहुतेक डोंगर काळ्या बेसॉल्ट खडकाचे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरून तो तयार झाला. धुळे जिल्ह्यात काळ्या दगडाच्या लांब, अरुंद, भिंतीसारख्या टेकड्या दिसतात. जमिनीतील भेगांत शिरलेला तप्त रस थिजला आणि आजूबाजूचा भाग झिजून गेल्यावर तो उघडा पडला. भूशास्त्रात त्यांना ‘डाइक’ म्हणतात.

हा लाव्हा बाहेर पडत होता, तेव्हा भारतीय भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती. ती मादागास्करपासून वेगळी होऊन उत्तरेकडे सरकत होती आणि आशियाला अद्याप भिडलेली नव्हती. या उद्रेकाचे मूळ ज्या तप्त स्थानाशी आहे असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात, त्यावर आज हिंदी महासागरातील रीयुनियन बेट आहे. तेथील ज्वालामुखी आजही जागृत आहे. हे बेट २१ अंश दक्षिण अक्षवृत्ताच्या आसपास आहे आणि जळगाव २१ अंश उत्तरेस. अंगणातला दगड हातात देऊन एवढे सांगितले, तर खंडे सरकतात हे विधान मुलांना परके वाटत नाही.

गोल पृथ्वी आणि सपाट कागद

चाळीसगाव तालुक्यातील पाटणादेवी परिसराला या विषयात विशेष स्थान आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी येथे मठ स्थापन केल्याची नोंद तेराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखात आहे. ११५० साली लिहिलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’तील गोलाध्यायात भास्कराचार्यांनी पृथ्वी गोल असल्याचे सांगून, परिघाचा अगदी लहान भाग दिसत असल्याने ती सपाट भासते, असे स्पष्ट केले आहे.

गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवताना विकृती येते, हे संत्र्याची साल टेबलावर दाबून दाखवावे. भिंतीवरच्या काही नकाशांत ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट आहे आणि भारतही ग्रीनलंडपेक्षा मोठा आहे. म्हणून खंडे आणि महासागर शिकवताना पृथ्वीगोल आधी आणि नकाशा नंतर, हा क्रम ठेवावा.

हे ज्ञान कशासाठी?

ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या वरच्या खोऱ्यात मोठा पाऊस झाला, उकाई धरणातून पाणी सोडावे लागले आणि सुरत शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. वर पडणारा पाऊस खाली कोणाच्या दारात पोहोचतो, हे ज्याला कळते त्याला अशा बातमीचा अर्थ कळतो. दुसरीकडे, केळीसाठी प्रसिद्ध असलेल्या यावल-रावेर तालुक्यांत भूजलाचा अतिउपसा ही जुनी चिंता आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या दगडगोट्यांच्या पट्ट्यात पाणी जमिनीत मुरते आणि तेच खालच्या विहिरींना मिळते, हे उद्याच्या शेतकऱ्याला ठाऊक असले पाहिजे. हे ज्ञान या भागाला नवे नाही. पांझरेवर बंधारे बांधून केवळ उताराच्या आधारे पाटाने शेतांना पाणी देणारी फड पद्धत येथे शतकानुशतके चालत आली. ती उभारणाऱ्यांना आपल्या नदीचा उतार नेमका माहीत होता.

पहिली-दुसरीत दिशा, आराखडा आणि मातीचे डोंगर, तिसरी-चौथीत नदी, खोरे आणि जिल्ह्याचा नकाशा, तर पाचवी-सहावीत पृथ्वीगोल, अक्षवृत्ते, खंडे आणि महासागर, असा क्रम पालक आणि शिक्षकांनी ठेवल्यास प्रत्येक नवे नाव मुलाला ओळखीच्या जागेशी जोडता येते. सुट्टीत गावी जाताना एसटीच्या खिडकीतून दिसणारी प्रत्येक नदी कोणीकडे चालली आहे, हे विचारण्यापासून त्याचा आरंभ आजही करता येईल.