जवस, कापूर आणि निळा उजेड

गेल्या वर्षी माझ्या दाढेचा तुकडा उडाला. दंतवैद्यांनी पोकळीत पांढरा लगदा भरला, निळ्या उजेडाची कांडी वीसेक सेकंद धरली आणि म्हणाले, ''आता चावून बघा.'' लगद्याचा दगड झाला होता.

मला आठवली आमच्या घराची खिडकी. पावसाळ्याआधी अब्बा तावदानांना लांबी भरायचे. खडूची पूड जवसाच्या तेलात मळून केलेली लांबी. ''हात नको लावूस, ऊन लागू दे,'' म्हणायचे. मी लावलाच. ती पुरती घट्ट व्हायला आठवडे लागले आणि माझ्या अंगठ्याचा ठसा तिथंच राहिला.

जवसाचं तेल वाळतं असं आपण म्हणतो, पण ते पाण्यासारखं उडून जात नाही. त्याच्या रेणूंत दुहेरी बंध भरपूर असतात. हवेतला प्राणवायू तिथं शिरकाव करतो, रेणूला रेणू जोडला जातो आणि तेलाची चिवट जाळी विणली जाते. खोबरेल तेलात असे बंध फार थोडे, म्हणून ते तेलच राहतं. आपले सुतार दारं-चौकटींना बेलतेल लावत, ते जवसाचंच. बाराव्या शतकात युरोपात थिऑफिलस या नावानं लिहिणाऱ्या एका भिक्षूनं जवसाच्या तेलातल्या रंगांबद्दल कुरकुर केली आहे. एक थर उन्हात वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही, फार कंटाळवाणं काम, असं तो म्हणतो. अब्बांशी त्याचं छान जमलं असतं.

या वाटेत घाई केली ती उजेडानं. 1826-27च्या सुमारास फ्रान्समधल्या एका खेड्यात निसेफोर निएप्स या गृहस्थानं लव्हेंडरच्या तेलात एक नैसर्गिक डांबर विरघळवलं. कथलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर त्याचा पातळ थर दिला आणि तो पत्रा कॅमेऱ्यात घालून खिडकीतून बाहेरच्या छपरांकडे रोखला. निदान आठ तास तरी. उजेड पडला तिथलं डांबर घट्ट झालं, सावलीतलं धुऊन गेलं. त्या पत्र्याला जग सर्वांत जुनं टिकलेलं छायाचित्र म्हणतं. 1952मध्ये इतिहासकार हेल्मुट गर्नशाइम यांनी तो शोधून काढला, आज तो अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात आहे. मी मात्र त्याला माझ्या दाढेचा पणजोबा म्हणतो.

पुढं खनिज तेलाचं युग आलं आणि बियांचं तेल मागं पडलं. तरी कुणीतरी त्याचा विचार करत होतं. 1945मध्ये अमेरिकी शेती खात्याच्या प्रयोगशाळेतल्या डॅनियल स्वर्न आणि सहकाऱ्यांनी एक रीत प्रसिद्ध केली. पेरॅसिटिक आम्ल वापरून तेलातल्या दुहेरी बंधांवर प्राणवायूचा एकेक अणू बसवायचा, म्हणजे तिथं ताणलेली, चटकन उघडणारी छोटी कडी तयार होते. तिला इपॉक्साइड म्हणतात. सोयाबीनचं असं तेल प्लास्टिक मऊ आणि टिकाऊ करायला वापरात आलं. नंतर रसायनज्ञांनी ती कडी अ‍ॅक्रिलिक आम्लानं उघडली आणि तेलाच्या रेणूला उजेडात जोडले जाणारे हात फुटले. त्यात उजेड टिपणारं द्रव्य मिसळलं, की आठवड्यांचं काम सेकंदांवर येतं. छपाईच्या शाया, लाकडावरचे लेप, चिकटद्रव्यं असं सगळं त्यातून करता येतं.

उजेड टिपणाऱ्या द्रव्याची गंमत सांगायलाच हवी. दाताच्या लगद्यात बहुधा कॅम्फरक्विनोन असतं, आपल्या कापराचं पिवळं भावंड. ते निळा उजेड पितं आणि जोडणीची ठिणगी टाकतं. लगद्यातली मुख्य राळ मात्र 1962मध्ये पेटंट मिळालेल्या राफाएल बोवेन यांच्या संशोधनातली, आणि तिचा कच्चा माल खनिज तेलाचा. म्हणजे वात देवघरातली, तेल मात्र विहिरीतलं.

वनस्पतीजन्य म्हणून विकल्या जाणाऱ्या डिंकांचंही थोडं असंच आहे. त्यांतलं अ‍ॅक्रिलिक आम्ल सहसा खनिज तेलातूनच येतं. तेलाच्या साखळ्या लवचीक, म्हणून नुसता तेलाचा डिंक मऊ राहतो, त्याला ताठ करायला दुसरं काही मिसळावं लागतं. आणि उजेड पोचेल तिथंच तो धरतो. काचेला उत्तम, पण दोन फळ्यांच्या मधे उपयोग नाही. डब्यावर हिरवं पान छापताना हे कोण सांगणार?

जवसात सोयाबीनपेक्षा दुहेरी बंध जास्त, म्हणून जाळी दाट होते. पण सोयाबीन स्वस्त आणि मुबलक, म्हणून कारखान्यांची पहिली पसंती त्याला. आपल्या विदर्भातही तेच घडलं. जवसाची निळी फुलं कमी होत गेली, सोयाबीन पसरलं. उद्या अशा डिंकांना मागणी वाढली, तर तेलाचा भाव कारखानदार ठरवेल की जवस पेरणारा, हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटणारा नाही.

आमचं ते घर पाडलं तेव्हा मी खिडकी मागून घेतली. काच फुटलेली होती. लांबी खरवडून काढायला सुताराला अर्धा दिवस लागला. ठशाचा तेवढा तुकडा मी त्याला काढू दिला नाही.