अफूचा कर आणि चीक काढणारे हात

आपल्या शाळेतल्या इतिहासात अफू भेटते ती चीनच्या धड्यात. १८३९ साली लिन त्से-शू या अधिकाऱ्याने कँटनजवळ वीस हजारांवर पेट्या अफू नष्ट केली, इंग्रजांनी युद्ध पुकारले, १८४२ च्या नानकिंगच्या तहात हाँगकाँग घेतले आणि धडा संपला. त्या पेट्यांतला बराच माल माळव्यातला होता आणि तो मुंबई-दमणच्या वाटेने गेला होता, हे मात्र धड्यात येत नाही.

जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरला होळकरांशी तह झाला आणि त्याच साली महूची छावणी उभी राहिली. (बाबासाहेबांचा जन्म याच छावणीतला, १८९१ चा.) माळव्याच्या सरदारांचा बंदोबस्त झाला, पण तिथल्या अफूचा बंदोबस्त काही कंपनीला साधेना. बंगाल-बिहारकडे कंपनीचा मक्ता १७७३ पासूनचा. कुळाला उचल द्यायची, भाव आपणच ठरवायचा, सगळा चीक पाटणा किंवा गाझीपूरच्या वखारीत ओढायचा आणि कलकत्त्याला लिलाव करायचा. माळव्यात जमीन संस्थानिकाची, उचल सावकाराची, माल व्यापाऱ्याचा. १८०५ मध्ये मुंबईतून ही अफू पाठवायला बंदी झाली, तशी ती पोर्तुगीजांच्या दमणहून जहाजावर चढू लागली. कंपनीच्या दप्तरात याला नाव पडले 'चोरटा व्यापार'.

या शब्दापाशी जरा थांबले पाहिजे. शिंद्यांच्या मुलखात पिकलेली आणि पोर्तुगीज बंदरातून जाणारी अफू कंपनीच्या मालकीची कधी नव्हतीच. मग चोरी कशाची? चीनमध्ये अफूची आयात कायद्याने बंद होती आणि तिथल्या किनाऱ्यावर चोरून उतरणारा माल कलकत्त्यात कंपनीनेच लिलावात विकलेला असे. पण त्या व्यापाराला 'चोरटा' म्हणायला कंपनीची जीभ रेटत नसे.

१८२० नंतरच्या दशकात कंपनीने संस्थानिकांशी करार करून लागवड आवळण्याचा प्रयत्न केला. शिंद्यांनी दाद दिली नाही. शेवटी १८३० च्या सुमारास मक्त्याचा नाद सोडून परवान्याची पद्धत आणली. पेटीमागे १७५ रुपये भरा आणि माल उघड मुंबईला आणा. तरी व्यापारी वळेनात. त्यांचे उंट पाली, जैसलमेरवरून वाळवंट तुडवीत कराचीला जात आणि तिथून माल समुद्रमार्गे दमणला येई. इतका वळसा परवडत होता, याचा अर्थ कर त्याहून जड होता. १८३५ मध्ये तो १२५ वर आणावा लागला. मग १८४३ मध्ये सिंध खालसा झाला, कराचीची वाट बंद झाली, आणि कर त्याच साली २००, १८४५ मध्ये ३००, १८४७ मध्ये ४०० रुपये झाला. म्हणजे कराचा आकडा पिकावरून ठरत नव्हता. आडवाट किती महाग पडते, यावरून तो ठरत होता.

अलीकडचे काही अभ्यासक या आडवाटेत देशी भांडवलाने साम्राज्याला दिलेला शह पाहतात. व्यापाऱ्यांनी कंपनीला नमवले हे खरे, आणि मुंबईची श्रीमंती त्यातून उभी राहिली हेही खरे. सर जमशेटजी जीजीभाईंची संपत्ती चीनच्या व्यापारातली, आणि त्यात अफू मोठी. त्यांच्या नावाच्या रुग्णालयात आमच्याही बायाबापड्यांना औषधपाणी मिळाले, ते नाकारण्याचे कारण नाही. पण कंपनी आणि व्यापारी यांचे भांडण नफ्याच्या वाटणीचे होते, आणि त्या वाटणीत कुणब्याचे पान मांडलेलेच नव्हते.

अफूचे पीक माणसाला पिळून घेते. खत भरपूर, पाणी वेळेवर, निंदणी सारखी. मग एकेका बोंडाला चिरा द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुकत आलेला चीक खरवडून गोळा करायचा. तेच बोंड पुन्हा चिरायचे. बायकापोरांचे हात लागल्याशिवाय हे होत नाही. काही दशके हिंदुस्थान सरकारच्या उत्पन्नाचा सुमारे सातवा हिस्सा या चिकातून निघाला.

बाबासाहेबांनी १९१५ साली कोलंबियात एम.ए.साठी ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि वित्तव्यवस्थेवर प्रबंध लिहिला. त्यात कंपनीच्या उत्पन्नाच्या बाबींत अफूही येते. चोवीस वर्षांचा महार विद्यार्थी साम्राज्याची खतावणी उलगडून त्यातले जमाखर्च तपासत होता. तो प्रबंध महाराष्ट्र शासनाने छापला १९८९ मध्ये.

त्याआधी एका मराठी बाईने हाच विषय लंडनच्या दारात नेला होता. पुण्याच्या सुंदरबाई पवार यांनी १८९२ साली तिथे इंग्रजी पुस्तिका काढून ब्रिटिश सरकारवर अफूच्या गुन्ह्याचा आरोप ठेवला. आमच्या सुधारकांच्या यादीत हे नाव क्वचितच दिसते. पुढच्याच साली नेमलेल्या शाही अफू कमिशनने १८९५ मध्ये सात खंडांचा अहवाल दिला: अफूने म्हणावी तशी हानी होत नाही, बंदीची गरज नाही. महसूल बुडेल ही भीती त्यामागे होतीच. चीनची निर्यात १९१३ मध्ये थांबली.

अफू थांबली नाही. मुंबईच्या गिरणीत पाळीवर जाणारी आई तान्ह्याला बाळगोळी चाटवून निजवी, आणि त्या गोळीत अफू असे. १९३१ च्या मजूर कमिशनलाही या प्रथेची दखल घ्यावी लागली. तोवर अफू सरकारी परवान्याच्या दुकानात मिळत होती आणि तिच्यावरचा कर अबकारी खात्यात जमा होत होता.