जयगडाची तोफ आणि खडकीचे काडतूस

गावाकडून पाहुणे आले की त्यांना जयपूर दाखविण्याचे काम आम्हा शास्त्री नगरवासीयांकडे ओघानेच येते. येथून नाहरगडाची डोंगररांग दिसते आणि तीच रांग पुढे आमेरच्या माथ्यावरील जयगडापर्यंत जाते. तेथे १७२० मध्ये ओतलेली ‘जयबाण’ ही प्रचंड तोफ ठेवलेली आहे. तिचे वजन पन्नास टनांच्या घरातले, नळी सुमारे वीस फुटांची, आणि गोळा पन्नास किलोंचा असे सांगतात. ती चाचणीसाठी एकदाच उडविली गेली व तिचा गोळा जेथे पडला तेथे तळे झाले, अशी दंतकथाही वाटाडे मोठ्या रंगात ऐकवितात. पाहुणे तोफेवर हात ठेवून छायाचित्र काढून घेतात आणि पुढे सरकतात. त्या गोळ्यासाठी लोखंड कोठून आले, दारू कोणी कुटली, ती पावसाळ्यात कोरडी कशी राहिली, हे मात्र कोणी विचारीत नाही.

तोफ नजरेत भरते. दारूगोळा भरत नाही. तोफ शंभर वर्षे टिकते, तर काडतूस एका क्षणात संपून जाते. म्हणूनच इतिहासाने तोफांना नावे दिली, पण गोळे करणाऱ्यांची नावे ठेवली नाहीत. सुवर्णमहोत्सवाच्या या स्मरणिकेत आम्ही त्या विस्मृत उद्योगाची हकीकत मांडू इच्छितो. तिचा बराच मोठा भाग महाराष्ट्राच्या भूमीवर घडला आहे, आणि एक धागा थेट आपल्या या ढुंढाड प्रदेशापर्यंत येऊन पोचतो.

सोरा, गंधक आणि कोळसा या तीन द्रव्यांची काळी दारू हा जुन्या युद्धाचा प्राण होता. तीत सर्वांत मोठा वाटा सोऱ्याचा, आणि दारूला खरे भय ओलीचे. सह्याद्रीच्या पावसात दारू राखणे म्हणजे केवढी दक्षता, हे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात स्पष्ट दिसते. दारूखाना वस्तीच्या घरांपासून दूर असावा, आणि दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने दारू, बाण इत्यादी सामान बाहेर काढून, ऊन देऊन, पुन्हा मोहरबंद करून ठेवावे, अशी त्यात ताकीद आहे. गडाचे सामर्थ्य तटाच्या उंचीइतकेच कोठारातील कोरडेपणावर अवलंबून असते, हे ज्यांनी ओळखले ते राज्यकर्ते खरोखरच जाणते होते.

पुढे राज्याचा विस्तार झाला, मोहिमा दूरच्या झाल्या आणि दारूगोळ्याची गरज वाढली. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळात जुन्नरकडील आंबेगव्हाण येथे तोफगोळे करण्याचा कारखाना निघाला. तोफखान्याचा कारभार पानसे घराण्याकडे होता. तथापि ही व्यवस्था राज्याच्या आकांक्षेला कधीच पुरली नाही. तोफा निरनिराळ्या तोंडांच्या, त्यामुळे एकीचा गोळा दुसरीला बसेना. पुष्कळसे सामान इंग्रज व पोर्तुगीज यांच्याकडून विकत घ्यावे लागे. १७९०–९१ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांनी धारवाडला वेढा घातला, तेव्हा सोबत असलेल्या मूर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने जे पाहिले ते त्याने लिहून ठेवले आहे. तोफ भरली की गोलंदाज अर्धा तास बसून गप्पा मारीत, धूम्रपान करीत, मग ती डागीत. दुपारी तर दोन्ही बाजूंनी जणू विश्रांतीच असे. मूर यास थट्टेने पाहतो. पण दारूचा पुरवठाच तुटपुंजा असेल, तर गोलंदाजाने घाई तरी कशाच्या बळावर करावी? वेढा कित्येक महिने रेंगाळला, त्याचे एक मोठे कारण हेच होते.

ही उणीव ज्यांच्या ध्यानी आली ते महादजी शिंदे. येथे आपली कथा जयपूरच्या सीमेत शिरते. २८ जुलै १७८७ रोजी येथून फार दूर नसलेल्या तुंग्याच्या रणावर, ज्याला लालसोटची लढाई असेही म्हणतात, महादजींची गाठ जयपूर व जोधपूरच्या संयुक्त सैन्याशी पडली. महादजींना सोडून प्रतिपक्षास मिळालेला महंमद बेग हमदानी त्या दिवशी तोफेच्या गोळ्याने ठार झाला. पण लढाईचा निर्णय लागला नाही. पाठोपाठ पगार थकलेल्या हिंदुस्थानी पलटणी आपल्या तोफांसह शत्रूकडे निघून गेल्या आणि महादजींना माघार घ्यावी लागली. तोफ, गोळा व गोलंदाजाचा पगार या तिन्ही गोष्टी एकाच साखळीच्या कड्या आहेत, हा धडा त्यांना तुंग्याने दिला. त्यानंतर द बॉयन याच्या हाताखाली कवायती कंपू उभे राहिले आणि आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराने तोफा ओतण्याचा व बंदुका करण्याचा कारखाना चालविला. २० जून १७९० रोजी पाटणच्या लढाईत या नव्या सैन्याने राजपुतांचा व त्यांच्या साथीदारांचा पराभव केला.

हे लिहिताना एक गोष्ट लपविणे आम्हांस योग्य वाटत नाही. जयपूरच्या स्मृतीत मराठी दारूगोळ्याचा आवाज हा पराक्रमाचा नव्हे, तर खंडणीच्या तगाद्याचा आवाज आहे. होळकरांची फौज दाराशी येताच १७५० च्या डिसेंबरात सवाई ईश्वरीसिंहाने आत्मघात केला, आणि पुढच्याच महिन्यात या नगरात शेकडो मराठ्यांची कत्तल झाली. ज्या शहराने आपणांस इतक्या आपुलकीने सामावून घेतले, त्याच्या इतिहासाची ही बाजू येथे राहणाऱ्या मराठी माणसाने जाणून असावी, एवढेच आमचे म्हणणे.

१८०३ मध्ये असईच्या रणावर शिंद्यांच्या तोफांनी इंग्रजांची जी हानी केली तिची धास्ती वेलस्लीला पुढे कायम राहिली. परंतु शंभराच्या आसपास तोफा एका दिवसात शत्रूच्या हाती गेल्या. इंग्रजांची गोष्ट निराळी होती. त्यांच्या कंपनीने १७७५ मध्ये कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये युद्धसाहित्याचे स्वतंत्र मंडळ स्थापिले होते, ईशापूरला दारूचा कारखाना काढला होता, आणि १८०२ मध्ये काशीपूरला तोफगाड्यांचे काम सुरू केले होते. एक तोफ गेली तर तिच्या मापाची दुसरी येई, आणि तिचा गोळाही त्याच मापाचा असे. मराठ्यांजवळ शौर्य कमी नव्हते, कारागीरही कमी नव्हते. कमी पडली ती सातत्याने चालणारी संस्था.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या माळावर हे अंतर अखेरचे दिसून आले. बापू गोखल्यांचे घोडदळ दलदलीत अडकले, जरीपटक्याचे निशाण घेऊन पुढे गेलेले मोरोपंत दीक्षित पडले, आणि पेशवाईचा अस्त जवळ आला. त्याच खडकीत, त्या लढाईनंतर अवघ्या ५२ वर्षांनी, इंग्रजांनी दारूगोळ्याचा कारखाना उभारला. इतिहासाचा हा योगायोग आम्हांस नेहमीच अस्वस्थ करतो.

मध्यंतरी १८५७ साल होऊन गेले होते. त्या उठावाची ठिणगी पडली तीही काडतुसामुळेच. एनफील्ड बंदुकीचे कागदी काडतूस दातांनी फोडावे लागे आणि त्याला गायी-डुकरांची चरबी लावलेली आहे, ही वार्ता डमडमच्या छावणीतून सर्वत्र पसरली. पुढे धातूचे काडतूस आले, दातांनी फोडण्याचा प्रश्नच संपला, आणि त्या नव्या काडतुसांसाठी यंत्रांचे कारखाने लागू लागले. अशा काळात १८६९ मध्ये खडकीचा कारखाना स्थापन झाला.

काडतूस दिसावयास बोटाएवढे. परंतु त्याची घडण मोठी नाजूक. सत्तर भाग तांबे व तीस भाग जस्त असलेल्या पितळेची चकती कापून प्रथम तिची वाटी करतात. ती वाटी साच्यातून पुन्हा पुन्हा ओढून लांब नळी बनते. प्रत्येक ओढीने पितळ ताठर होते, म्हणून मधून मधून ते तापवून नरम करावे लागते. बुडाशी ठिणगी देणारी टोपी, पोटात तोलून भरलेली दारू, तोंडाशी तांब्याच्या मिश्रधातूचे आवरण असलेली शिशाची गोळी, असे चार घटक जुळले की काडतूस पुरे होते. केसभर फरक पडला तर ते बंदुकीत अडकते, आणि ऐन युद्धात अडकलेले काडतूस म्हणजे गेलेला प्राण. म्हणून मोजमाप व तपासणी हेच या कारखान्याचे खरे शास्त्र. थ्री-नॉट-थ्रीच्या ज्या काडतुसांच्या बुडावर ‘के एफ’ ही अक्षरे उमटलेली असत, ती खडकीची. मुळा-मुठेकाठच्या कामगारांच्या हातची ही वस्तू दोन महायुद्धांत जगभर गेली. त्यांची नावे मात्र तिच्यावर नव्हती.

याच सुमारास डमडमच्या कारखान्यात लागताच फुलून पसरणारी गोळी तयार झाली. तिच्या जखमा इतक्या भीषण होत्या की १८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळ्यांवर बंदी घालण्याचे जाहीर करण्यात आले. एका भारतीय गावाचे नाव जगाच्या शब्दकोशात गेले ते असे. दारूगोळ्याच्या धंद्यालाही मर्यादा हवी, हे मानवजातीने त्या वेळी स्पष्ट शब्दांत मान्य केले.

दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, खडकीलाच उच्च स्फोटकांचा वेगळा कारखाना निघाला. काळी दारू ढकलण्याचे काम करी. टीएनटीसारखी द्रव्ये फोडण्याचे काम करतात. त्या सामर्थ्याची कल्पना मुंबईला १४ एप्रिल १९४४ रोजी आली. ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर सुमारे चौदाशे टन स्फोटके आणि कापसाच्या गासड्या एकत्र भरलेल्या होत्या. कापूस पेटला, गोदीत दोन महाभयंकर स्फोट झाले आणि शेकडो माणसे दगावली. दारू वस्तीपासून दूर ठेवावी, हे आज्ञापत्रातील वचन विसरल्याची ही किंमत होती.

स्वातंत्र्यानंतरचा खरा पालट १९६२ च्या चिनी आक्रमणाने घडविला. बर्फात उभ्या असलेल्या आपल्या जवानांच्या हाती अद्याप थ्री-नॉट-थ्री होती. त्या संकटात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, आणि त्यापुढील वर्षांत महाराष्ट्रात नव्या कारखान्यांची मालिकाच उभी राहिली. भुसावळनजीक वरणगावला रायफलींची काडतुसे होऊ लागली. भंडाऱ्याला स्फोटके व प्रक्षेपक द्रव्ये. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीजवळील चांदा कारखान्यात तोफगोळे व बाँब भरण्याचे काम. नागपूरच्या अंबाझरीला गोळ्यांच्या खोळी व इतर धातुकाम. अंबरनाथला काडतुसांचे पितळ बनते, भुसावळला दारूगोळ्याची वेष्टने, आणि देहूरोडला धूर, प्रकाश व संकेत देणारा दारूगोळा. एक गोळा सीमेवर पोचण्यापूर्वी अर्धा महाराष्ट्र फिरून येतो, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

उत्पादनांचा हा पसाराही थक्क करणारा आहे. एका टोकाला सरावाचे खाली काडतूस, रात्री आपला मार्ग उजळीत जाणारे ट्रेसर काडतूस आणि हातबाँब. मध्ये ५१ व ८१ मिलिमीटरच्या उखळी तोफांचे बाँब, १०५, १३० व १५५ मिलिमीटरचे तोफगोळे, रणगाड्यांचे १२५ मिलिमीटरचे गोळे. दुसऱ्या टोकाला विमानातून टाकावयाचे बाँब आणि २१४ मिलिमीटर व्यासाचे पिनाक अग्निबाण. पिनाकाची रचना पुण्याच्या पाषाण येथील संशोधनसंस्थेने केली. १९९९ च्या कारगिल युद्धात १५५ मिलिमीटरच्या तोफांनी जी शिखरे भाजून काढली, त्यामागेही या अबोल कारखान्यांचा पुरवठा होता.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी जुने आयुधनिर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. दारूगोळ्याची कंपनी ‘म्युनिशन्स इंडिया’ ही होय. तिचे मुख्यालय पुण्यालाच आहे, आणि तिच्या बारा कारखान्यांपैकी सहा महाराष्ट्रात आहेत. नागपूरकडे खाजगी उद्योगही आता या क्षेत्रात उतरले असून तेथे तयार झालेले नव्या पद्धतीचे हातबाँब २०२१ मध्ये सैन्याच्या स्वाधीन करण्यात आले. कामगारांना ही उलथापालथ सुखाची वाटली नाही. ज्या संरक्षण कामगारांच्या चळवळीचे नेतृत्व एकेकाळी एस. एम. जोशींसारख्या निःस्पृह पुढाऱ्याने केले, तिला आपल्या नोकरीच्या शाश्वतीची चिंता वाटावी हे स्वाभाविकच होते.

त्याहून मोठी चिंता प्राणांची. ३१ मे २०१६ च्या पहाटे पुलगावच्या दारूगोळा भांडारात लागलेल्या आगीत अधिकारी, जवान व अग्निशामक दलाची माणसे गेली. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या कारखान्यातील स्फोटात कामगारांना प्राण गमवावे लागले. सीमेवर पडलेल्याचे नाव स्मारकावर कोरले जाते. दारू भरताना मेलेल्याचे नाव दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रापलीकडे क्वचितच उरते. तोही देशासाठीच गेला, हे आपण केव्हा मान्य करणार?

खंडेनवमीला आपण शस्त्रे व अवजारे पुजतो. घरापासून दूर असलेल्या आपल्या कुटुंबांतूनही विळी, कात्री, मुलांच्या कंपासपेट्या मांडून हळदकुंकू वाहिले जाते. या वर्षी ते वाहताना त्या अनामिक हातांचे स्मरण करावे, एवढीच आमची विनंती. जयबाण तोफ लढाईत कधी डागली गेली नाही, याची खंत वाटाड्यांच्या स्वरात जाणवते. आम्हांस मात्र तिचे तेच भाग्य वाटते. दारूगोळा उत्तम असावा, पुरेसा असावा, कोरडा असावा, आणि तो कोठारातच जुना व्हावा; ज्यांनी तो जिवावर उदार होऊन बनविला, त्यांच्या श्रमाचे याहून मोठे सार्थक ते कोणते?