कुंभारजुवे कालवा

गोव्यातील मांडवी आणि जुवारी या नद्यांना जोडणारा भरती-ओहोटीचा जलमार्ग. लांबी सुमारे १७ किमी. जुन्या गोव्याच्या पूर्वेला मांडवीपासून निघून तो तिसवाडी आणि फोंडा तालुक्यांच्या मधून दक्षिणेकडे जातो व जुवारीला मिळतो. तिसवाडी चहूबाजूंनी पाण्याने वेढलेली आहे ती याच्यामुळेच. रूढ नाव कालवा असले, तरी मुळात ही नैसर्गिक खाडी आहे. दोन्ही तोंडांनी भरती आत शिरते, त्यामुळे पाण्याची दिशा दिवसातून अनेकदा पालटते. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात त्याचा क्रमांक २७ आहे.

इतिहास : मुख्य भूमीवरून गोवे बेटात (तिसवाडीत) शिरायचे तर ही खाडी ओलांडावीच लागे, म्हणून तिच्या उतारांवर कायम पहारा असे. त्यांत बाणस्तारीचा उतार सर्वांत मोलाचा. १५१२ मध्ये विजापूरकरांचा सरदार रसूलखान याच्याकडून बाणस्तारीचा किल्ला घेताना अफोन्सो द अल्बुकर्कने खाडीत गलबते घालून पाण्याकडून तोफा डागल्या. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने रात्री जुवे बेटावरील (सांत इस्तेव) किल्ला घेतला. तो परत घेण्यासाठी चालून आलेल्या व्हाइसरॉयला माघार घ्यावी लागली. भरतीच्या पाण्यात सापडलेल्या महाराजांना खंडो बल्लाळांनी वाचवले ही प्रसिद्ध हकीकत याच मोहिमेतील. या बाजूची भरती किती झपाट्याने चढते हे पाहिले, म्हणजे त्या प्रसंगाची भीषणता कळते. शत्रूला अडवण्यासाठी खाडीत मुद्दाम मगरी सोडल्या होत्या, असेही परंपरेने सांगितले जाते.

जुने गोवे रोगराईने ओस पडत गेले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. जहाजांनी गजबजलेला जुना धक्काही मागे पडला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सिस्को द गामाच्या कारकिर्दीत उभारलेली व्हाइसरॉयची कमान आजही त्या धक्क्यापाशी उभी आहे. खाडीवरची वर्दळ मात्र खाणींमुळे पुन्हा वाढली. पावसाळ्यात आग्वादजवळचा वाळूचा दांडा मांडवीचे मुख धोक्याचे करतो. तेव्हा लोहखनिजाचे बार्ज या आडवाटेने जुवारीत उतरून मुरगाव बंदर गाठत. २०१२ मध्ये खाणी थांबल्यावर ही वाहतूक एकाएकी आटली.

मगरी आणि शेती : गोड्या पाण्यात राहणारी मगर येथे खाऱ्या-मचूळ पाण्यात, खारफुटीच्या आधाराने टिकून आहे, हे या खाडीचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलाच्या उतारावर ती ऊन खात पडते. रंग चिखलासारखाच असल्याने पाहणाऱ्याला आधी ओंडकाच वाटतो. तोंड वासून पडलेली मगर चवताळलेली नसते. शरीराचे तापमान राखण्याची ती तिची रीत आहे.

काठावरच्या खाजण शेतांत बांध आणि मानशी (पाण्याची झडपदारे) यांच्या जोरावर खारे पाणी अडवून कोरगूट हे खार सोसणारे भात घेतात. भोम, दुर्भाट या परिसरात पौष अमावास्येला ‘मांगे थापणी’ होते. शेतकरी ओल्या चिखलाची मगर थापतात, शिंपल्यांनी आणि काटक्यांनी तिचे अंग सजवतात, फुले वाहून पूजा करतात. मगरीने माणसांचे आणि बांधाचे रक्षण करावे अशी त्यामागची भावना आहे. प्राणिरक्षणाचा कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून या गावांनी मगरीशी असा शेजार राखला, याची नोंद पर्यटनाच्या माहितीपत्रकांत ठळकपणे व्हायला हवी.

पर्यटन : पावसाळा सरल्यावर मगरी व पक्षी दाखवणाऱ्या बोटींच्या सहली येथे निघतात. खंड्या, बगळे, घारी हमखास दिसतात. मांडवीतील चोडण बेटाचे सलीम अली पक्षी अभयारण्य आणि दिवाडी बेट जवळच असल्याने बऱ्याचदा हे सारे एकाच फेरीत पाहिले जाते. मांडवीवर अलीकडे तरंगते धक्के आले आहेत. भरती-ओहोटीबरोबर ते वरखाली होत असल्याने बोटीत चढणे-उतरणे सोपे होते. जुन्या गोव्याला पुन्हा पाण्याच्या वाटेने जाता यावे, हे योग्यच. चर्चच्या दारात बसगाड्यांची रांग लावण्यापेक्षा ते शहर नदीतून अधिक चांगले समजते. पण खाडी अरुंद आहे. वेगाने जाणाऱ्या बोटीची लाट थेट बांधावर आदळते, माती सुटते आणि एकदा बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरते. म्हणून येथे वेगाला मर्यादा हवी आणि इंजिनाचा आवाज कमी हवा. आधी बांध, मग धक्का, हाच क्रम धरावा लागेल.

सांगोड : गणेशचतुर्थीच्या सातव्या दिवशी खाडीकाठच्या कुंभारजुवे गावात हा उत्सव भरतो. दोन होड्या एकमेकींना बांधून त्यांवर मंच करतात, पौराणिक पात्रांची सोंगे सजवतात आणि गणपती विसर्जनाला नेताना ही चित्ररथांची मिरवणूक पाण्यातून निघते. काठावर दुतर्फा माणसे दाटतात. यातील होड्या आणि कलाकार गावचेच असतात.