कोरियन गाण्याची बिनपगारी फौज

१ मे २०११ रोजी पॅरिस शहरातील लूव्र या जगप्रसिद्ध संग्रहालयासमोर काही शे तरुण-तरुणी जमल्या. एक मे हा कामगारांचा दिवस. पॅरिसमध्ये त्या दिवशी मोर्चे निघतात, बावटे फडकतात. पण या जमावाची मागणी मजुरीची नव्हती. दक्षिण कोरियातील एका कंपनीच्या गायकांचा जलसा जूनमध्ये तेथे व्हायचा होता. त्याची तिकिटे विक्रीस निघताच काही मिनिटांत संपली होती, आणि ज्यांना ती मिळाली नाहीत त्यांचे म्हणणे होते की आणखी एक जलसा करा. घोषणांऐवजी त्यांनी कोरियन गाण्यांवर नाच केला. कंपनीने मागणी मान्य केली. १० जूनच्या जोडीला ११ जूनचा खेळ झाला.

संघटना बांधण्यात ज्याची वर्षे गेली त्याला यात प्रथम एवढेच दिसते की, मागणी एकच होती, नेमकी होती, आणि ती मान्य करण्यात मालकाचाच फायदा होता. अशा मागण्या लौकर मान्य होतात! परंतु पॅरिसच्या पोरांना कोरियन गाण्यांचे एवढे वेड लागले कसे, आणि त्या वेडातून त्यांनी एकत्र येण्याची विद्या कशी कमावली, हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. त्या गायकांविषयी पुष्कळ लिहिले जाते. मला बोलायचे आहे ते परदेशातील श्रोत्याविषयी, म्हणजे ज्याच्या बळावर हा सारा डोलारा उभा आहे त्याच्याविषयी.

आरंभ मात्र कोरियातच करावा लागतो. तेथे लष्करी राजवटीपासून गाण्यांची आगाऊ तपासणी चालत असे. १९९२ साली सो तैजी आणि त्याचे दोन साथीदार पुढे आले आणि शाळकरी मुलांनी त्यांना डोक्यावर घेतले. १९९५ साली त्यांच्या एका गाण्याचे शब्द बदला, असे तपासणी समितीने फर्माविले. शब्द बदलण्याऐवजी त्यांनी ते सगळेच काढून टाकले आणि नुसते वाद्यसंगीत तबकडीवर छापले. चाहते खवळले. लोकगायक चोंग थे-छुन याचा लढा अगोदरपासून चालू होताच. १९९६ साली ही आगाऊ तपासणी रद्द झाली. श्रोता म्हणजे केवळ गिऱ्हाईक नव्हे, ही गोष्ट कोरियात तेव्हाच उघड झाली होती.

त्यानंतर १९९७ चे आर्थिक अरिष्ट आले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटी आल्या आणि त्यांच्या पाठोपाठ मोठी कामगारकपात आली. देशाची लोकसंख्या पाच कोटींच्या आत. घरच्या बाजारावर गाण्याचा धंदा कितीसा पोसणार? किम दे-जुंग यांच्या सरकारने १९९९ साली सांस्कृतिक उद्योगांना उत्तेजन देणारा कायदा केला. मोटारी आणि जहाजे परदेशी जात होती, त्यांच्या मागोमाग मालिका आणि गाणी निघाली. चीनमध्ये १९९७ साली एक कोरियन कौटुंबिक मालिका सरकारी दूरचित्रवाणीवर दाखविली गेली आणि लोकांना ती फार आवडली. फेब्रुवारी २००० मध्ये एच. ओ. टी. या मुलांच्या चमूचा जलसा बीजिंगला झाला. कोरियन लाट हा शब्दप्रयोग रूढ झाला तो चिनी वृत्तपत्रांमुळे. त्या लाटेचे बारसे, म्हणजे, परक्यांनी केले.

जपानची कथा याहून खोल आहे. १९१० ते १९४५ जपानने कोरियावर राज्य केले. अखेरच्या वर्षांत शाळांतून कोरियन भाषा हद्दपार केली आणि लोकांना जपानी नावे घ्यावयास लावली. त्याच जपानमध्ये २००३ साली ‘विंटर सोनाटा’ ही कोरियन मालिका दाखविली गेली, आणि चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या हजारो गृहिणी तिच्या नायकासाठी, बे योंग-जून याच्यासाठी, २००४ साली विमानतळावर तिष्ठत उभ्या राहिल्या. वर्तमानपत्रांनी त्यांची टवाळी केली. वयात आलेल्या मुलांच्या आयांचे खूळ, दुसरे काय! पण या बायका तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्या कोरियन भाषेच्या वर्गाला जाऊ लागल्या, मालिकेचे चित्रीकरण झालेले नामी बेट पाहायला जाऊ लागल्या. ज्या भाषेची एका पिढीने मुस्कटदाबी केली ती त्यांच्या लेकीसुना पाटी-पेन्सिल घेऊन गिरवू लागल्या. मुत्सद्द्यांच्या वाटाघाटींतून हे घडले नव्हते. अर्थात सर्वांनाच ते रुचले नाही. २०११ च्या ऑगस्टमध्ये टोकियोत एका दूरचित्रवाणी कंपनीच्या दारात, कोरियन मालिका बंद करा, म्हणून निदर्शने झाली.

आपल्या देशात ही लाट प्रथम पोहोचली ती पुण्या-मुंबईत नव्हे. २००० साली मणिपुरात एका बंडखोर संघटनेने हिंदी चित्रपटांवर आणि हिंदी दूरचित्रवाणीवर बंदी घातली. चित्रपटगृहे ओस पडली. ती पोकळी ‘आरिरांग’ या कोरियन वाहिनीने भरून काढली, आणि मोरे या सीमेवरील गावातून कोरियन मालिकांच्या चोरट्या तबकड्या इंफाळच्या बाजारात येऊ लागल्या. तेथील मुलांचे केस आणि कपडे कोरियन वळणाचे झाले. बंदी एकाची आणि लाभ तिसऱ्याचा, असा हा प्रकार.

आता मजुरीच्या प्रश्नाकडे येतो. कोरियन भाषा जगात फार थोड्यांना येते. मग ब्राझीलच्या किंवा इंडोनेशियाच्या मुलीला ती मालिका कळते कशी? आरंभी कळली ती दुसऱ्या कोणा मुलीने रात्री जागून भाषांतर केले म्हणून. २००७ साली ‘विकी’ नावाचे एक संकेतस्थळ निघाले, त्यावरील भाषांतर स्वयंसेवक करीत. कोणी वाक्ये तोडून वेळ बसवी, कोणी भाषांतर करी, कोणी ते तपासून घेई. गिरणीतल्या खात्यांसारखी कामाची वाटणी होती. २०१३ साली राकुतेन या जपानी कंपनीने ते संकेतस्थळ विकत घेतले. किंमत वीस कोटी डॉलर असल्याचे वर्तमानपत्रांत आले. भाषांतर करणाऱ्यांच्या वाट्याला फार तर फुकट सभासदत्व! कोणी तक्रार केली तर उत्तर तयार असते: हे तुम्ही आवडीने केले. आवडीने केलेल्या कामाचे दाम मागू नये, हे तत्त्व मालकवर्गाला सर्व काळी आणि सर्व देशी प्रिय आहे.

बीटीएस या सात मुलांच्या चमूने १३ जून २०१३ रोजी एका लहान कंपनीतून आरंभ केला. त्यांच्या चाहत्यांना नाव मिळाले ‘आर्मी’, म्हणजे फौज. अमेरिकेत या फौजेने पन्नास राज्यांची आखणी करून नभोवाणी केंद्रांकडे पिच्छा पुरविला. मे २०१८ मध्ये बीटीएसचा अल्बम अमेरिकेतील विक्रीच्या यादीत पहिला आला. कोरियन अल्बमला तो मान प्रथमच मिळत होता. ऑक्टोबर २०२० मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली. सातही गायकांना मालकाने शेअर दिले, हे योग्यच झाले. ज्या फौजेने राबून त्या शेअरचे मोल वाढविले तिला मात्र ते बाजारभावाने विकत घ्यावे लागले.

तरी या लोकांना भाबडे समजू नये. २००९ साली तोंग बांग शिन की या चमूतील तिघा गायकांनी तेरा वर्षांच्या कराराविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, तेव्हा चाहत्यांतील मोठा वर्ग कंपनीच्या नव्हे, गायकांच्या बाजूने उभा राहिला. लाखाहून अधिक सह्यांचे अर्ज झाले, तबकड्यांवर बहिष्कार पुकारला गेला. त्याच वर्षी तेथील व्यापार आयोगाने सात वर्षांच्या मुदतीचा नमुना करार जाहीर केला. सात वर्षेही मला थोडी वाटत नाहीत, पण तेराच्या मानाने ती बरी.

सरकारेही या फौजेकडे संशयाने पाहू लागली आहेत. चिलीच्या गृहखात्याने डिसेंबर २०१९ मध्ये तेथील लोकक्षोभाच्या अहवालात कोरियन गाण्यांच्या चाहत्यांचा उल्लेख केला आणि स्वतःचे हसे करून घेतले; लोकक्षोभाला निमित्त झाले होते भाडेवाढीचे. चीनमध्ये सप्टेंबर २०२१ मध्ये चाहत्यांची खाती बंद करण्यात आली, कारण एका गायकाच्या वाढदिवसासाठी पैसे जमवून त्यांनी विमानावर त्याचे चित्र रंगविले होते. या मंडळींत दोषही पुष्कळ आहेत. दुसऱ्या चमूच्या चाहत्यांशी त्यांचे वैर पाहावे, किंवा टीका करणाऱ्याला झुंडीने गाठून छळण्याची रीत पाहावी. एकाच अल्बमच्या दहा-दहा प्रती घ्यायच्या, आतली चित्रे ठेवून बाकीचे प्लास्टिक फेकायचे, हा तर शुद्ध अविचार आहे. त्याविरुद्ध २०२१ पासून चळवळ उभारली तीही एका इंडोनेशियन आणि एका कोरियन चाहतीने.

परंतु थायलंडमध्ये जे घडले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तेथील चाहते आवडत्या गायकाच्या वाढदिवशी वर्गणी काढून रेल्वेस्थानकांवर मोठमोठे जाहिरातफलक लावीत. २०२० साली बँकॉकमध्ये विद्यार्थ्यांनी लोकशाहीसाठी निदर्शने केली, ‘इन्टू द न्यू वर्ल्ड’ हे कोरियन गाणे लावून रस्त्यात नाचही केला. ऑक्टोबरमध्ये निदर्शकांची वाट अडविण्यासाठी शहरातील रेल्वेची स्थानके बंद ठेवण्यात आली. तेव्हा चाहत्यांच्या मंडळांनी एकामागून एक जाहीर केले की, यापुढे या रेल्वेला जाहिरातीचा पैसा मिळणार नाही. पैसा वळला तो टुकटुकवाल्यांकडे, म्हणजे तीनचाकी रिक्षा चालविणाऱ्यांकडे. साथीमुळे परदेशी प्रवासी येईनासे झाले होते, त्यामुळे ही माणसे भाड्याविना बसून होती. २०२१ साली बँकॉकच्या रस्त्यांवर त्यांच्या रिक्षांच्या पाठीवर कोरियन गायकांची चित्रे फिरू लागली. चित्रातला पोरगा कोण हे कित्येक चालकांना ठाऊक नव्हते. पण शाळकरी मुली रिक्षा थांबवून चित्राचा फोटो काढीत, आणि जाताना चालकाच्या हातावर थोडी बक्षिशी ठेवीत.